ब्रॅकेटच्या डब्यातल्या स्क्रूंवर विसंबू नका: टीव्ही भिंतीवर बसवणाऱ्यांसाठी

ब्रॅकेटच्या डब्यावर ‘३२ ते ७० इंच, युनिव्हर्सल’ असं ठळक छापलेलं असतं. गिऱ्हाईक तेवढंच वाचून ब्रॅकेट मागवतं आणि बसवायला आपल्याला बोलावतं. इंचांवरून फार काही ठरत नाही. ठरतं ते मागच्या चार भोकांमधल्या अंतरावर, भोकातल्या आट्यांवर, भोकाच्या खोलीवर आणि टीव्हीच्या वजनावर. यांतलं एक जरी जुळलं नाही तरी दुपार दुकानं पालथी घालण्यात जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पॅनेल आतून फुटतं. खाली लिहिलंय ते रोजच्या कामात अडतं तिथलं आहे. भोक कसं पाडायचं हे येतंच असं धरून चाललोय.

निघण्याआधी

गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सॲपवर चार फोटो मागवा: टीव्हीच्या मागचा स्टिकर, पूर्ण मागची बाजू, प्लग पॉइंटसकट भिंत, आणि ब्रॅकेट आधीच घेतलेलं असेल तर त्याचा डबा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लागतो. एकाच सीरिजमध्ये ४३ इंचीला एक वेसा (मागच्या भोकांचं ठरलेलं माप) आणि ५५ इंचीला दुसरा असतो, वर्ष बदललं की पुन्हा बदलतो. ‘अमुक कंपनीचा ५५’ एवढ्यावर ब्रॅकेट घेऊन निघू नका.

वेसा म्हणजे भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, आधी आडवं मग उभं: १०० × १००, २०० × १००, २०० × २००, ३०० × २००, ४०० × ३००, ६०० × ४००. दोन उभ्या पट्ट्या आणि आडवी रेल असलेल्या ब्रॅकेटवर मधली मापं बहुधा बसतात. अडतं ते पुढेमागे होणाऱ्या, एका हाताच्या ब्रॅकेटवर. त्याच्या तबकडीवर २०० × २०० पर्यंतच भोकं असतील तर ३०० × २०० चा टीव्ही त्यावर बसणार नाही. वेगळी अडॅप्टर पट्टी मिळते, पण तिने टीव्ही आणखी पुढे येतो आणि एक जोड वाढतो. त्यापेक्षा ब्रॅकेट बदललेलं बरं.

उलटही होतं. ४०० उंचीच्या वेसासाठी केलेल्या पट्ट्या ४०० मिमीपेक्षा थोड्या लांबच असतात आणि ३२ इंची टीव्हीची स्क्रीन जेमतेम ४०० मिमी उंच. वेसाची भोकं खालच्या भागात असली तर पट्ट्यांची टोकं टीव्हीखालून डोकावतात. लावून झाल्यावर गिऱ्हाइकाला पहिलं तेच दिसतं.

आटे: एम आणि सूत यांची गल्लत

वेसाच्या मानकाप्रमाणे ७५ आणि १०० च्या मापांना एम४ (म्हणजे ४ मिमी जाडीचा, मेट्रिक आट्यांचा) स्क्रू, २०० × १०० लाही एम४, आणि २०० × २०० पासून पुढे एम६ किंवा एम८. कंपन्या हे दर वेळी पाळतातच असं नाही. २०० × २०० वर एम४ असलेले छोटे टीव्हीही हातात येतात. म्हणून अंदाज बांधू नका, स्क्रू हाताने घालून बघा.

एकेक आकार वर चढवत पाहणं यात धोका आहे. एम६ च्या भोकात एम५ आत जातो, कडेला घासून पकड मिळाल्याचा भासही होतो. टीव्ही टांगल्यावर तो निसटतो. योग्य स्क्रू बोटांनी चार-पाच फेरे अडखळल्याशिवाय जातो आणि बाजूला हलवला तर खडखडत नाही. दोन्ही गोष्टी हव्यात.

दुसरी गल्लत हार्डवेअरच्या दुकानात होते. आपल्याकडे बोल्ट अजून सुतात मागितले जातात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. एम८ च्या जाडीशी फरक नखाएवढाही नाही. पण सुताच्या त्या बोल्टला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिमी अंतर (पिच). एम८ चं अंतर १.२५ मिमी. पहिले दोन फेरे गोडीने जातात, मग घट्ट लागतो, आणि ‘जरा गंज असेल’ म्हणून पाना लावला की टीव्हीच्या आतल्या पितळी नटाचे आटे गेले. दोन सूत आणि एम६ यांचंही तेच: २० आटे, १.२७ मिमी, तर एम६ ला १ मिमी. दुकानदाराकडे ‘एम८, सव्वाचा पिच’ असंच मागा आणि तिथेच एम८ चा नट फिरवून पाहा. पिच गेज स्वस्त मिळतं, ते बॅगेत असावं.

आतला नटच गोल फिरायला लागला तर थांबा. तो प्लास्टिकमध्ये बसवलेला असतो आणि बाहेरून काही करता येत नाही. मागचं कव्हर उघडणं हे कंपनीच्या माणसाचं काम. तीन स्क्रूंवर टीव्ही टांगून ‘चालेल’ म्हणू नका.

स्क्रूची लांबी

पॅनेल आतून फुटण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे लांब स्क्रू. भोकाच्या तळाशी टेकल्यावरही पिळत राहिलं की तो आतल्या पत्र्यावर, कधी थेट पॅनेलच्या पाठीवर दाब देतो. बाहेरून काहीच दिसत नाही. चालू केल्यावर एक उभी रेघ दिसते, आणि मग ती आधीपासून होती की आपण आणली याचा वाद.

व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने (मागून बाहेर येणाऱ्या काडीने) भोकाची खोली मोजा. मग हाताशी असलेला लांब स्क्रू अलगद घाला, आटे धरतात तिथे त्यावर पेनने खूण करा. आटे कुठे सुरू होतात हे त्यावरून कळतं. बऱ्याच टीव्हींना, विशेषतः एम८ वाल्यांना, भोक कव्हरच्या आत खोलवर असतं.

समजा एम८ आहे. कव्हरच्या बाहेरच्या कडेपासून २२ मिमीवर आटे सुरू होतात आणि ३५ मिमीवर तळ लागतो. ब्रॅकेटची पट्टी २ मिमी, वॉशर १.५ मिमी, मिळून ३.५. निदान स्क्रूच्या जाडीएवढी, म्हणजे ८ मिमी पकड हवी: २२ + ८ + ३.५ = ३३.५. तळापासून २ मिमी मागे राहायचं: ३५ − २ + ३.५ = ३६.५. या दोघांच्या मध्ये ३५ चा स्क्रू बसतो. ३० चा लावला तर पकड जेमतेम साडेचार मिमी, ४० चा लावला तर तळाला टेकणार. आता मागच्या केबलसाठी १० मिमीचा स्पेसर घालायचा ठरवलात तर दोन्ही आकडे दहाने वाढतात आणि ४५ चा लागतो. डब्यातल्या पाकिटात बहुधा एम८ × १६ किंवा २० असतात, फार तर ३०. म्हणून त्या पाकिटातले वॉशर आणि स्पेसर घ्या, स्क्रू आपले आपण बाळगा:

एम४: १२, १६, २०, २५, ३०
एम५: १२, १६
एम६: १२, १६, २०, २५, ३०, ३५
एम८: १६, २०, २५, ३०, ३५, ४०, ४५, ५०

प्रत्येकी आठ. सोबत ५, १०, १५ आणि २० मिमीचे स्पेसर आणि रुंद वॉशर. एवढा डबा बॅगेत असला की हार्डवेअरच्या दुकानाची फेरी बहुतेक वेळा वाचते.

पट्टीतली खाच एम८ जाईल एवढी रुंद असते. एम४ च्या स्क्रूचं डोकं तेवढंच, आठेक मिमीचं. वॉशरशिवाय ते खाचेतून सरळ आरपार जाऊ शकतं. पाकिटात दोन भोकांचा चौकोनी प्लास्टिकचा वॉशर असेल तर लहान भोक एम४–एम५ साठी, मोठं एम६–एम८ साठी. एम४ ला मोठं भोक वापरलं तर वॉशर असून नसल्यासारखा.

क्रम असा: टीव्ही, स्पेसर, पट्टी, वॉशर, स्क्रूचं डोकं. मागची बाजू वर सपाट आणि खाली फुगीर असेल तर स्पेसर वरच्या दोन भोकांनाच लागतो, पण तो फुगवट्याच्या उंचीइतकाच हवा. पट्टी लावल्यावर दोन्ही पट्ट्यांवर आडवी फूटपट्टी ठेवा आणि बाजूने बघा. एक पट्टी तिरकी असेल तर टीव्ही भिंतीवर कायम पिळलेला राहतो. काही टीव्हींच्या डब्यात कंपनीने स्वतःचे स्पेसर दिलेले असतात आणि ते थर्मोकोलच्या खाचेत राहून जातात. डबा रद्दीत जाण्याआधी शोधा.

शेवटचे फेरे हातानेच, साध्या पेचकसाने. इम्पॅक्ट ड्रायव्हर टीव्हीच्या जवळ आणूच नका.

मागे जागा नाही

स्लिम ब्रॅकेटने टीव्ही भिंतीपासून २५-३० मिमीवर येतो. साधा तीन पिनांचा प्लग सॉकेटच्या बाहेर त्याहून जास्त येतो. सॉकेट नेमकं टीव्हीमागे असेल तर स्लिम ब्रॅकेट लागणार नाही. उपाय तीन: सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बाजूला घेणं, खोल बॉक्समध्ये सॉकेट आत ढकलणं, किंवा जाड ब्रॅकेट. एक्स्टेंशन बोर्ड टीव्हीमागे लोंबकळत ठेवणं हा उपाय नव्हे.

एचडीएमआयचं तोंड भिंतीकडे असेल तर काटकोनी अडॅप्टर लागतो. तो ९० आणि २७० अंश अशा दोन तऱ्हांचा असतो, एकाचं वळण वर, दुसऱ्याचं खाली. चुकीचा घेतलात तर केबल टीव्हीच्या शरीरात घुसू पाहते. दोन्ही बाळगा. स्ट्रीमिंग स्टिक थेट घालायची तर सोबतची छोटी एक्स्टेंशन वापरा.

भिंतीतून केबल न्यायची असेल आणि इलेक्ट्रिशियनने २५ मिमीचा पाइप टाकून ठेवला असेल तर एचडीएमआयचं डोकं वळणावर हमखास अडकतं. ४० किंवा ५० मिमीचा पाइप आणि मोठी वळणं हवीत. लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय घेतली तर तिला दिशा असते. एक टोक सोर्सचं, दुसरं डिस्प्लेचं. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि परत उपसावी लागते. टोकं वाचूनच पाइपात घाला.

ज्या टीव्हीचे सगळे पोर्ट वेगळ्या बॉक्समध्ये असतात, त्याची बारीक केबल कापता किंवा जोडता येत नाही. बॉक्स कुठे बसणार हे आधी ठरवा, भिंत नंतर.

भिंत ओळखा

बोटाने ठोकून अर्धं कळतं, उरलेलं ड्रिलच्या भुकटीवरून. करडी, बारीक आणि बिट जेमतेम सरकतंय: काँक्रीट. लाल: वीट. पांढरी, बिट लोण्यात गेल्यासारखं: एएसी, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक, आपल्याकडे सरसकट ‘सिपोरेक्स’. आधी पांढरी आणि मग पोकळ: जिप्सम.

नव्या टॉवरमध्ये मायवान शटरिंगच्या (ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेल्या) भिंती असतात, सगळी काँक्रीट. पकड उत्तम, पण एसडीएस मशीनशिवाय, म्हणजे ठोकत भोक पाडणाऱ्या ड्रिलशिवाय, वेळ घालवू नका. १० मिमी नायलॉनची गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रूने फुगणारी नळी) आणि ८ मिमीचा कोच स्क्रू (१३ चा पाना) साध्या ब्रॅकेटला पुरतो. अडचण दोन. सळई लागली तर बिट टणकन थांबतं. जोर न लावता प्लेटच्या खाचेत २५-३० मिमी सरका. दुसरी, अशा भिंतीत कंड्यूट (वायरचे पाइप) काँक्रीट ओतण्याआधीच टाकलेले असतात आणि ते सरळ उभे-आडवेच असतील याची खात्री नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली टाळणं इथे पुरेसं नाही. वायर डिटेक्टर फिरवा, आणि सोसायटीकडे वायरिंगचा नकाशा असेल तर मागा.

विटेच्या भिंतीत गिलावा १२ ते २० मिमीचा असतो आणि त्यात काहीच जोर नसतो. गिट्टी गिलाव्याच्या पलीकडे, विटेत बसली पाहिजे. हिशोब: गिलावा २०, गिट्टी ५०, टोकाला स्क्रूच्या जाडीएवढे ८, प्लेट आणि वॉशर ३.५. एकूण ८१.५, म्हणजे ८० चा स्क्रू. डब्यात बहुधा ५० किंवा ६० चा असतो. त्याने बरीचशी पकड गिलाव्यातच जाते. भोक दोन विटांच्या सांध्यात आलं तर सरका. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतीवर थेट टीव्ही नकोच.

एएसीमध्ये ड्रिलचा हॅमर (ठोका) बंद. लोखंडी अँकर फास्टनर इथे वापरू नका. तो फुगतो आणि ब्लॉक आतून चुरतो. एएसीसाठी मिळणारी पिळाची नायलॉन गिट्टी किंवा लांब फ्रेम फिक्सिंग घ्या. भोक तरीही सैल होत असेल तर बिट एक मिमी लहान.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत लागते. वर गिलावा असेल तर कळतही नाही. भुकटी तांबडी आणि खरबरीत येते, बिट मध्येच पोकळीत पडतं. जांभा एकसारखा नसतो, शेजारच्या दोन भोकांत एक घट्ट आणि एक ढिलं असं होतं. हॅमर न लावता, बिट जागच्या जागी धरून भोक पाडा. साधी गिट्टी ढिली पडली तर जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरल्यावर घट्ट होणारं रेझिन. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून काढल्याशिवाय केमिकल भरू नका. ते धुळीलाच चिकटतं. किती वेळ थांबायचं ते नळकांड्यावर तापमानाप्रमाणे लिहिलेलं असतं. किनाऱ्याजवळच्या उघड्या गॅलरीत झिंकचे स्क्रू टिकत नाहीत, तिथे स्टेनलेस स्टीलचे (एसएस ३१६) घ्या.

संगमरवर किंवा टाइल असेल तर आधी टाइलच्या बिटने, हॅमर बंद ठेवून, दगडाच्या पलीकडे जा. मगच मशीन बदला. गिट्टीचा फुगणारा भाग दगडात राहिला तर स्क्रू पिळताना दगड तडकतो, आणि त्या एका स्लॅबचा जोड बाजारात मिळत नाही.

सगळ्यात त्रासाचं म्हणजे इंटेरियरवाल्यांचं प्लाय पॅनेल. १२ मिमी प्लाय, वर लॅमिनेट, मागे ४० मिमी पोकळी. लांब स्क्रूने थेट भिंतीशी आवळलंत तर पॅनेल आत दबतं, लॅमिनेट फाकतं आणि लेव्हल जाते. पोकळी, प्लाय आणि लॅमिनेट मिळून ५३ मिमी होत असेल तर तेवढ्याच लांबीचे लोखंडी पाइपाचे तुकडे कापून भोकात बसवा. ब्रॅकेट पाइपावर टेकेल, प्लायवर नाही. भिंतीत केमिकल अँकरने एम८ चा आट्यांचा रॉड, त्यावर पाइप, ब्रॅकेट, वॉशर, नट. पॅनेल अजून बनायचं असेल तर सुताराला आधीच सांगा: टीव्हीच्या जागी मागे १८ मिमी प्लाय भिंतीला पक्का.

जिप्सम पार्टिशनमध्ये जीआयचे (जस्त चढवलेल्या पत्र्याचे) उभे सेक्शन सहसा ६०० मिमीवर असतात आणि ब्रॅकेटची प्लेट त्याहून अरुंद. म्हणजे एकच सेक्शन मिळतो, तोही पातळ पत्र्याचा. बोर्ड उघडून सेक्शनना १८ मिमी प्लाय आडवा मारा. गिऱ्हाईक तयार नसेल तर काम सोडा.

हाताचं ब्रॅकेट आणि वरचा बोल्ट

२० किलोचा टीव्ही, साधं ब्रॅकेट, वजनाचा मध्य भिंतीपासून ६० मिमीवर, वरच्या-खालच्या बोल्टमध्ये २०० मिमी. वरच्या बोल्टांवर बाहेरची ओढ २० × ६० ÷ २००, म्हणजे ६ किलो. तोच टीव्ही हात ५०० मिमी ओढून पुढे आणला की २० × ५०० ÷ २००, म्हणजे ५० किलो. डब्यावरचं ‘४० किलोपर्यंत’ हे पोलादाबद्दल आहे, तुमच्या भिंतीबद्दल नाही. अरुंद प्लेटला वर एकच बोल्ट असतो, सगळी ओढ त्यावरच. १०० मिमी एएसीच्या भिंतीवर असं ब्रॅकेट हवंच असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी प्लेट. शेजारची खोली कोणाची आहे ते आधी विचारा.

रेलची उंची

सोफ्यावर बसल्यावर डोळे साधारण १०५० मिमीवर येतात. स्क्रीनचा मध्य तिथे किंवा थोडा वर. पण वेसाचा मध्य आणि स्क्रीनचा मध्य बहुधा एक नसतात. पातळ ओएलईडीमध्ये भोकं बरीच खाली, फुगीर भागात असतात.

५५ इंची, एकूण उंची ७१० मिमी, मध्य १०७० वर हवा. खालची कड ७१५ वर येणार. वेसाचं वरचं भोक खालच्या कडेपासून ३३० वर, म्हणजे भिंतीवर १०४५. पट्टीचा हुक त्या भोकाच्या ६० वर, म्हणून रेलची वरची कड ११०५. रेलच्या खाचा कडेपासून ३० खाली: भोकांची रेघ १०७५ वर. हे पाच आकडे भिंतीवर पेन्सिलने लिहा आणि मगच बिट टेकवा. हुकावर चढवायला टीव्ही दोनेक सेंटीमीटर वर उचलावा लागतो. वर शेल्फ किंवा फॉल्स सीलिंगची पट्टी चिकटून असेल तर तो चढणारच नाही.

टांगताना

सगळं ड्रिलिंग संपेपर्यंत टीव्ही डब्यातच. बाहेर काढल्यावर आधी स्टँडवर किंवा डब्याच्या आधाराने चालू करून गिऱ्हाइकासमोर पूर्ण स्क्रीन दाखवा, फोटो घ्या. पातळ पॅनेल पालथं घालायचं की नाही ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं; दिलं नसेल तर उभं धरूनच पट्ट्या लावा. ५५ इंच आणि पुढे दोन माणसं, हात खालच्या कडेला आणि मागे, स्क्रीनवर बोटं नाहीत.

आधी केबल जोडा, मग हुक चढवा. दोन्ही हुक बसले का ते डोळ्यांनी बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. खालचे लॉक स्क्रू लावा; स्क्रूऐवजी दोरीचे लॉक असतील तर दोऱ्या टीव्हीमागे वर वळवून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला सापडतील. लेव्हल टीव्हीच्या वरच्या कडेवर बघा, पण सीलिंगची पट्टी वाकडी असेल तर गिऱ्हाइकाला टीव्हीच वाकडा दिसेल. तेव्हा कशाशी समांतर हवं ते त्यालाच ठरवू द्या.

स्टँडचे पाय आणि त्यांचे चार स्क्रू एका पिशवीत घालून वर मॉडेल नंबर लिहा आणि हातात द्या. भाड्याच्या घरात वर्षा-दोन वर्षांत टीव्ही उतरतो, आणि तेव्हा ते स्क्रू बाजारात सुटे मिळत नाहीत.